तीन सेंटांचं अवजार

१८७२ च्या पानगळीत इंडियाना राज्यातून युराया ऑब्लिंगर नावाचा एक माजी सैनिक मेव्हण्यांबरोबर गाडी जुंपून पश्चिमेकडे निघाला. बायको मॅटी आणि लहानगी मुलगी मागे इंडियानातच राहिल्या. बेत साधा होता. नेब्रास्कात सरकारी जमीन मिळवायची, डोक्यावर छप्पर करायचं आणि मग दोघींना बोलावून घ्यायचं. मॅटी मे १८७३ मध्ये आली. मधले महिने तो संसार पत्रांवर चालला. पुढेही त्या घराची पत्रं थांबली नाहीत. त्या गोतावळ्याची मिळून सुमारे तीन हजार पानं आज नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहेत.

प्रेअरीवरच्या, म्हणजे त्या गवताळ मैदानांवरच्या, शेतकऱ्यांची अशी पत्रं पहिल्यांदा वाचताना थोडी निराशाच होते. आपल्या डोक्यात गवताचा अथांग समुद्र असतो, सूर्यास्त असतात. पत्रात असतं काय? सगळ्यांच्या तब्येती, पावसाची तक्रार, मक्याचा भाव, अमक्याच्या धाकट्याचं लग्न, तमक्याची व्यालेली गाय. शेवटी पुन्हा तब्येती. वाटतं, एवढंच लिहायला तीन सेंटांचं तिकीट घालवलं?

पण त्या शेतावरचं वर्ष कसं चालत होतं हे समजलं की याच ओळी वेगळ्या दिसू लागतात. त्यांतली प्रत्येक ओळ कोणाचा तरी बेत घडवत किंवा मोडत असते. नांगर, कुऱ्हाड, विहिरीचा पोहरा तसं पत्र हेही तिथलं एक अवजार होतं. ते कसं चालायचं ते पाहू.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल, कारण घरातल्या प्रत्येक बातमीला आधी कायद्याशी जमवून घ्यावं लागे. राष्ट्राध्यक्ष लिंकननं २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला १६० एकर सरकारी जमीन मागता येई. परदेशातून आलेल्यानं नागरिक होण्याचा इरादा नोंदवला असेल तर त्यालाही. शुल्क एकूण अठरा डॉलर: चौदा अर्ज करताना, चार शेवटी. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत तिथं राहायला जायचं, पाच वर्षं राहून जमीन कसायची आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत साक्षीदार घेऊन जमीन कचेरीत हे सगळं सिद्ध करायचं. मग जमीन नावावर. तोवर ती 'क्लेम' असे, म्हणजे मागणी नोंदवलेली जागा.

यातली खरी मेख सहा महिन्यांची. कोणी सहा महिन्यांहून अधिक काळ क्लेम सोडून राहिला, तर तो टाकून दिला असं धरता येई आणि दुसरा कोणी हरकत घेऊन तीच जागा मागू शके. आता समजा, डिसेंबरात इंडियानाहून पत्र आलं की आईनं अंथरूण धरलंय. कोण जाणार? नवरा गेला तर जनावरं कोण बघणार, आणि तो आजारपणात तिकडे अडकला तर? बायको मुलांना घेऊन गेली तर नवरा क्लेमवर राहतो, कायदा शांत बसतो. पण परतीचं भाडं कुठून आणायचं? अशा वेळी बहुतेक घरांत कोणीच जात नसे. आईचं जाणं पत्रातूनच कळे आणि रडणंही पत्रातूनच पोचे. याला मनाचा कोरडेपणा समजण्याची चूक सहज होते. त्या नात्यात १६० एकरांची अट शिरलेली होती.

बेत बदलायला कायद्यात वाटा होत्या, त्या ज्याला त्याला पाठ असत. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेता येई. पैसे नसतील आणि जीव कंटाळला असेल तर हक्कसोडपत्र लिहून द्यायचं. कागदोपत्री ते सरकारला परत करणं, पण त्या बदल्यात नव्या येणाऱ्याकडून रोख रक्कम घ्यायची चाल सर्रास होती. सैन्यात काढलेली वर्षं १८७२ पासून पाच वर्षांतून वजा होऊ लागली, म्हणून त्या सुमाराला युरायासारखे माजी सैनिक पश्चिमेला निघालेले दिसतात. अविवाहित मुलीला किंवा विधवेला स्वतःच्या नावावर अर्ज करता येई. नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला मात्र नाही. साहजिकच, पत्रातली लग्नाची बातमी ही कधी कधी जमिनीचीही बातमी असे. थोरली मुलगी एकविसाची झाली, म्हणजे शेजारचे आणखी १६० एकर तिच्या नावानं मागता येतील. तिनं त्याआधीच लग्न ठरवलं की बापाचा तो हिशेब बसला.

ही 'मोकळी' जमीन मोकळी नव्हती. ओसेज, पॉनी, लाकोटा आणि इतर कितीतरी लोकांकडून ती करारांनी, दबावानं आणि बळानं काढून घेतलेली होती. काही ठिकाणी तर काढून घेण्याचं काम पुरं होण्याआधीच गाड्या येऊन थडकल्या. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकांमुळे जगभर माहीत झालेलं तिच्या वडिलांचं कॅन्ससमधलं घर ओसेज लोकांच्या राखीव प्रदेशात होतं. कादंबरीत हे कुटुंब सैनिक हुसकावणार म्हणून निघतं. प्रत्यक्षात १८७१ मध्ये ते परत फिरले त्यामागे एक घरगुती बातमीही होती: विस्कॉन्सिनमधलं त्यांचं जुनं घर ज्यानं हप्त्यांवर घेतलं होतं, त्याच्याकडून पैसे यायचे थांबले होते. हप्ते नाहीत म्हणजे जुनं घर पुन्हा आपलं. एका बातमीनं गाडीचं तोंड उलट फिरवलं. लेखिकेनं कादंबरीत ते कारण टाळलं, ते मला समजतं. थकलेल्या हप्त्यावर रम्य प्रकरण कसं लिहिणार?

कायद्यानंतर जमीन. प्रेअरीची माती हजारो वर्षांच्या गवताच्या मुळ्यांनी विणलेली. आपल्याकडे हरळीनं धरलेलं शेत मोडताना शेतकरी काय म्हणतो ते आठवा आणि तसे मैलच्या मैल डोळ्यांसमोर आणा. ही जमीन फोडायला वेगळा, लांब फाळाचा नांगर लागे. तो खोल जात नसे. दोन-तीन इंच जाडीची सलग पट्टी कापून उलटी करत जाई. वेळ मे-जूनची, गवत भर वाढीला लागलेलं असताना. तेव्हा उलटवलं की ते कुजतं. बैलांच्या किंवा घोड्यांच्या चांगल्या जोडीनं दिवसाला एखाद-दीड एकर होई. पहिल्या वर्षी त्या पालथ्या ढेपांत कुऱ्हाडीनं खाच पाडून मक्याचा दाणा टाकत. गव्हाचं खरं पीक दुसऱ्या वर्षीपासून.

त्याच पट्ट्या तुकडे करून विटांसारख्या रचल्या की घर. झाडं नाहीत, लाकूड विकत आणायचं, म्हणून भिंती दोन-तीन फूट जाडीच्या मातीच्या. सोळा बाय वीस फुटांच्या घराला जवळजवळ एक एकरावरची ढेपं लागत. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पावसात मात्र छतातून चिखल ठिबके. जळणाला गव्यांच्या किंवा गुरांच्या वाळक्या शेणी, नाहीतर पिळून गाठी मारलेलं गवत. शेणी हाताळायला सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या बायका पुढे त्याच हातांनी पाव मळत, असं बऱ्याच आठवणींतून येतं. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता नवरा पुढे, बायको मागे या बेताचं वेळापत्रक समजतं. पानगळीत जाऊन अर्ज करायचा, हिवाळा कसाबसा काढायचा, वसंतात नांगर धरायचा आणि त्याच ढेपांचं घर उभं करायचं. बायकोला मेच्या आधी बोलावलं तर घर नाही. फार उशिरा बोलावलं तर पेरणीला हात कमी आणि सहा महिन्यांची मुदत डोक्यावर. त्यामुळे 'एप्रिलात निघू की मेमध्ये?' या एका प्रश्नावर पत्रांमागून पत्रं खर्ची पडत. सोबत काय आणायचं याचीही यादी असे: बियाणं, कपडे, गाद्यांचे अभ्रे. आणि काय विकून टाकायचं याची त्याहून लांब यादी.

हे पत्र जायचं कसं? १८६३ पासून अमेरिकेत अंतराचा प्रश्न मिटला होता. अर्ध्या औंसाचं पत्र देशात कुठंही तीन सेंटांत. औंसाचा अर्धा म्हणजे चौदा ग्रॅम. म्हणून कागद पातळ, अक्षर बारीक आणि एकाच कागदावर चौघांचा मजकूर. नवऱ्यानं मधलं भरायचं, बायकोनं उरलेली बाजू, दिराला समासात दोन ओळी आणि पोरांच्या चार रेघोट्या. मे १८७३ मध्ये एक सेंटाचं पोस्टकार्ड निघालं. पोचल्याची खबर द्यायला ते उत्तम. पैशांची अडचण लिहायला निरुपयोगी, कारण पोस्टमास्तर वाचतो हे सगळ्यांना ठाऊक. पुढे १ ऑक्टोबर १८८३ ला दर दोन सेंटांवर आला आणि १८८५ मध्ये त्याच पैशांत पूर्ण औंस जाऊ लागला.

पूर्वेकडून येणारं पत्र आगगाडीनं येई. १८६४ मध्ये शिकागो ते क्लिंटन या मार्गावर धावत्या डब्यात टपाल वर्गवारी सुरू झाली. आपली आर.एम.एस. ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य परिचयाचं वाटेल. डब्यात कारकून उभे, भिंतीला खणच खण. ज्या स्टेशनात गाडी थांबत नाही, तिथली थैली रुळांशेजारच्या खांबाला टांगलेली असते. डब्याच्या दारातला लोखंडी हात ती वेगात ओढून घेतो आणि त्याच क्षणी कारकून येणारी थैली पायानं बाहेर ढकलतो.

शेवटचे वीस-तीस मैल मात्र जुन्या काळातले. रेल्वेपासून आत टपाल नेण्याचं काम सरकार ठेक्यानं देई. ठेकेदार घोड्यावरून किंवा गाडीतून आठवड्यातून एकदा-दोनदा फेरी करी. आणि ते पोचे कुठं? पोस्ट ऑफिस म्हणजे कित्येकदा एखाद्या शेतकऱ्याच्याच मातीच्या घराचा कोपरा. मास्तर तोच, नाहीतर त्याची बायको. मोबदला तिकिटांच्या खपावर, म्हणजे किरकोळच. ठाण्याला नाव सुचवायची संधी बहुधा पहिल्या मास्तराला मिळे. म्हणून प्रेअरीच्या जुन्या नकाशांवर कुणाची लेक, कुणाचं जुनं गाव अशी नावं विखुरलेली दिसतात. मास्तरानं जागा सोडली की ठाणं बंद किंवा चार मैल पलीकडे. मग नातेवाइकांना नवा पत्ता कळवायचा. स्वतः कुठं न हलता पत्ता बदलायचा.

घरपोच टपाल हा शहरातला प्रकार. शेतकऱ्यानं स्वतः जायचं किंवा शेजारी निघाला की त्याला सांगायचं. शनिवारी कोणी गावाकडे निघालं की सहा-सात घरांची पत्रं त्याच्या खिशात. तिथं अंडी-लोणी देऊन साखर-कॉफी घ्यायची, गव्हाचा भाव विचारायचा, पत्रं घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत. पत्र आलं की एकट्यानं वाचायची सोय नसे. शेजारी बसून ऐकत, कारण इंडियानाच्या त्याच तालुक्यातली आणखी दोन घरं पलीकडच्या क्लेमवर असत.

पत्राचा मायना आपल्या ओळखीचा आहे. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कुशल कळवावे' ही आपली रीत. त्यांची रीत अशी की लेखणी हातात घेतो आहे ती आम्ही बरे आहोत हे कळवायला आणि तुम्हीही तसेच असाल या आशेनं. साचा म्हणून आपण तो ओलांडून पुढे जातो. पण पहिली ओळ खरी बातमी असे. पत्र जाऊन उत्तर यायला दोन-तीन आठवडे सहज जात. तेवढ्यात घटसर्पानं घरातली पोरं जाऊ शकत. 'बरे आहोत' याचा अर्थ लिहिताना तरी होतो, एवढाच.

त्यानंतर हवामान आणि पीक. हे गप्पा मारणं नव्हे. इंडियानातल्या भावाला ठरवायचं असतं की आपली जमीन विकून पश्चिमेला यावं की नाही. त्याच्यासाठी हा अहवाल. 'आमच्या लगतचा तुकडा अजून मोकळा आहे, पण फार दिवस राहणार नाही' या वाक्यात आग्रह, लालूच आणि एकटेपणा तिन्ही असतात. नात्यातली माणसं शेजारी आली की मळणीला हात मिळतात, बाळंतपणाला बाई मिळते आणि पाच वर्षांनी साक्षीदार मिळतात. १८७९ पासून तर अंतिम पुराव्याची सूचना आधी वर्तमानपत्रात छापावी लागे, चार शेजाऱ्यांची नावं देऊन; त्यांतल्या दोघांनी साक्ष द्यायची. शेजारी टिकून राहणं हाही जमिनीच्या कामाचाच भाग होता.

मग भाव. बुशेल म्हणजे गव्हाचे सुमारे सत्तावीस किलो. पत्रात बुशेलचा भाव आला की वाचणारा मनात गुणाकार करी: गहाणाचं व्याज निघतं का, यंदा गाय घेता येते का, धाकट्याला शाळेत पाठवता येतं का. हा भाव त्या गावात ठरत नसे. लिव्हरपूलच्या बाजारात ठरे आणि तिथं एक प्रतिस्पर्धी आपल्याकडचा होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गव्हावरचा निर्यातकर उठला, आणि मुंबई-कराचीच्या बंदरांतून गहू विलायतेला जाऊ लागला. नेब्रास्कातला शेतकरी आणि माळवा-पंजाबातला शेतकरी एकमेकांच्या पत्रात नकळत हजर असत. १८९४ मध्ये शेतावर गव्हाला बुशेलमागे पन्नास सेंटांच्या आसपासच भाव मिळत होता.

पत्रात कधी दुसऱ्या वस्तूही येत: नव्या झग्याच्या कापडाचा चिंधीएवढा नमुना, बाळाची जावळाची बट, फुलझाडाचं बी. पैसे पाठवायचे तर १८६४ पासून मनीऑर्डर होती, पण ती सोय सगळ्या छोट्या ठाण्यांत नसल्यानं नोटाच घालून पाठवायचा धोकाही लोक पत्करत.

आता बेत मोडतात कसे ते बघू. सगळ्यात मोठा घाव टोळांचा. १८७४ च्या जुलै-ऑगस्टात रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळांनी डाकोटापासून टेक्सासपर्यंत पिकं फस्त केली. उभा मका तासाभरात दांड्यावर आला. कांदे जमिनीतून कोरून खाल्ले, घामाचं मीठ मुरलेले अवजारांचे दांडेही कुरतडले. पण खरा प्रश्न त्यानंतरचा. टोळ जमिनीत अंडी घालून जातात, म्हणजे पुढच्या वसंतातही तेच. अशा वेळी घरी काय लिहायचं? 'पीक गेलं' लिहिलं तर भाऊ येणार नाही. न लिहिलं तर मदत येणार नाही. त्या वर्षीच्या पत्रांत ही ओढाताण ओळीओळीत जाणवते. एका परिच्छेदात विनाश आणि पुढच्यात 'तरी जमीन उत्तम आहे'. वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या सरकारनं कायदा करून टोळग्रस्त वसाहतकऱ्यांना क्लेम न गमावता काही महिने बाहेर राहायची मुभा दिली. गडी माणसं मजुरीला पूर्वेकडे गेली, बायका-मुलं मातीच्या घरात राहिली आणि पत्रांची दिशा फिरली. आता मागे राहिलेली बायको शेतावरून लिहीत होती आणि वाचणारा नवरा दुसऱ्याच्या खळ्यावर राबत होता. या टोळाची जात पुढे नामशेष झाली. १९०२ नंतर जिवंत टोळ कोणाला मिळाला नाही.

इंगल्स कुटुंबाची पुढची वर्षं म्हणजे अशा मोडलेल्या बेतांची माळच. मिनेसोटात टोळांनी त्यांना टेकीला आणलं. १८७६ मध्ये शेत सोडून आयोवातल्या बर ओक गावी एका हॉटेलच्या कामावर जायचं ठरलं. वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम असताना नऊ महिन्यांचा मुलगा गेला. वर्षभरानं पुन्हा मिनेसोटा. १८७९ मध्ये थोरली मेरी आजारपणात आंधळी झाली. त्याच वर्षी आत्या दारात गाडी घेऊन उभी राहिली: तिच्या नवऱ्याकडे रेल्वेबांधणीचा ठेका होता, डाकोटात हिशेबनिसाची नोकरी होती, उत्तर लगेच हवं होतं. वडील काही तासांत तयार झाले. पत्रापेक्षा माणूस बातमी घेऊन आला की विचाराला वेळ उरत नाही, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. त्या नोकरीमुळेच हे कुटुंब डी स्मेटला पोचलं आणि १८८० मध्ये तिथं क्लेम घेतला.

आणि क्लेम घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात टपालच थांबलं. १८८० च्या ऑक्टोबरातच हिमवादळ झालं, जानेवारीच्या सुरुवातीपासून आगगाडी बंद पडली ती मे १८८१ पर्यंत. पीठ संपलं, कोळसा संपला. नाताळची भेट म्हणून निघालेलं पिंप मे महिन्यात हाती पडलं. अशा महिन्यांत कोणाचा बेत बदलत नाही, कारण बदलायला लागणारी बातमीच येत नाही. सगळे वसंतापर्यंत थिजून राहतात.

तारेचं काय? स्टेशनवर तारयंत्र असे, पण दर दहा शब्दांना आणि तो अनेकांच्या आवाक्याबाहेर. शिवाय तार स्टेशनला पोचे, शेतावर नाही. पुढे कोणीतरी घोड्यावरून यायचं. एवढं करून कोणी तार पाठवली तर ती काय असणार हे पाकीट न फोडता कळे. आपल्या आज्यांच्या छातीत तार म्हटल्यावर धस्स व्हायचं, तसंच. उरलेल्यांना काळ्या काठाचं पाकीट येई, दफन होऊन गेल्यानंतर.

मॅटी ऑब्लिंगर १८८० मध्ये बाळंतपणात गेली. बाळही वाचलं नाही. नेब्रास्काची मातीची भिंत, तिथला गोतावळा, पूर्वेकडच्या लोकांना लिहिलेला आनंद हे सगळं तिच्याच अक्षरांत होतं. ते अक्षर त्या वर्षी थांबतं. युरायाकडे तीन लहान मुली होत्या. एकटा बाप, तीन मुली आणि शेत, हे गणित त्या काळी कोणालाच सुटत नसे. त्यानं पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. मॅटी जिवंत असतानाचा बेत नेब्रास्कातच मुळं धरायचा होता; नंतरच्या वर्षांत हे कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडत राहिलं.

समुद्रापलीकडून आलेल्यांचं अवजार हेच, फक्त दांडा लांब. नॉर्वे-स्वीडनमधल्या गावांत 'अमेरिका-पत्र' आलं की ते चर्चनंतर मोठ्यानं वाचलं जाई, नक्कल करून पुढच्या गावाला जाई, कधी वर्तमानपत्रात छापलं जाई. १८७५ मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघाचा करार लागू झाला आणि अमेरिकेतून युरोपात पत्र पाठवायचा दर पाच सेंट झाला. या पत्रांतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आधीच पैसे भरलेलं जहाजाचं तिकीट. ते हातात पडलं की विचार करायचं काम संपे. जायचं किंवा कायमचं नाही म्हणायचं. ओले रोल्वाग हा नॉर्वेतला कोळ्याचा मुलगा १८९६ मध्ये काकानं धाडलेल्या अशाच तिकिटावर दक्षिण डाकोटात उतरला आणि पुढे प्रेअरीवरच्या वसाहतीचा मोठा कादंबरीकार झाला. त्याचं पहिलं प्रसिद्ध पुस्तक पत्रांच्याच रूपात आहे आणि नावही 'अमेरिका-पत्रं' असंच.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८९६ ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या तीन ठाण्यांतून खेड्यांना घरपोच टपाल द्यायचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती सोय कायमची झाली. फाटकाशी खांबावर पेटी आली. शनिवारची फेरी संपली, आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याचं पत्र खिशातून आणणंही. एखाद्याच्या घराच्या कोपऱ्यात चालणारी टपालठाणी एकामागून एक बंद होत गेली. १९०१ मध्ये अमेरिकेत ७६,९४५ टपाल कचेऱ्या होत्या. तेवढ्या त्या देशात पुन्हा कधीच झाल्या नाहीत.